रविवारचं घर

मंडळी, एक विचारतो. देवळात बसलाय, खरं सांगायचं हं! आपल्या हातचं एखादं काम कोसळलं — भिंत म्हणा, धंदा म्हणा, जुळत आलेलं लग्न म्हणा — की आपलं पहिलं बोट कुणाकडं जातं?

शेजाऱ्याकडं! बघा, बायकांच्या बाजूनं लगेच उत्तर आलं. आणि शेजारी नाही सापडला, तर? ग्रहांकडं! तो शनी बिचारा तिकडं आभाळात आपल्या कामाला लागलेला. इथं कुणाची म्हैस आटली याचा त्याला पत्ता नाही, पण नाव त्याचंच! आणि शनीही सुटला, तर शेवटी बोट वळतं ते इकडं, गाभाऱ्याकडं. "देवाच्याच मनात नव्हतं, त्याला आपण काय करणार?" झालं! आपण मोकळे! घरी जाऊन भाकरी खायला मोकळे!

तर आज माझा प्रश्न एवढाच. पडलेलं परत उभं राहतं ते कशानं? नवसानं? नशिबानं? की आणखी कशानं? मी उत्तर देणार नाही. मी गोष्ट सांगतो, उत्तर केरबा आणि हौसाबाई देतील. अण्णा, पेटी जरा हळू... हां, असं. आणि त्या खांबाला टेकलेल्या पाहुण्यांना कुणीतरी हलवा, ते आत्ताच समाधीत गेलेत!

गडहिंग्लजला केरबा दोरुगडे म्हणून एक गृहस्थ. दूध थंड करतात ना, तिथं यंत्रावर कामाला. बोलणं कमी, रंग सावळा, मिशी मात्र अशी, की समोरच्यानं आधी मिशीला नमस्कार करावा! त्यांची बायको हौसाबाई. शाळेत पोरांसाठी भात-आमटी शिजवायची. दोघंही पन्नाशी ओलांडलेली. एकच लेक, ती सासरी सुखात.

आणि राहायला? भाड्याची खोली. एक नव्हे मंडळी, पंचवीस वर्षांत सात खोल्या! एका मालकाचं म्हणणं, दारात तुळस नको, ओल येते. दुसऱ्याचं म्हणणं, पाहुणा आला तर दोन दिवसांत गेला पाहिजे. तिसरा म्हणायचा, भिंतीला खिळा मारायचा नाही. आता खिळा नाही, तर देवाची तसबीर टांगायची कुठं? ती आपली जमिनीवर, भिंतीला टेकून उभी! आपण म्हणतो देव विटेवर उभा. हौसाबाईचा देव फरशीवर उभा!

सातव्या खोलीच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. मालक आला, चांगला माणूस, हात जोडून म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्यात खोली लागेल." हौसाबाई "बरं" म्हणाली. आत गेली. पितळेचा डबा पुसत बसली. पुसला, परत पुसला. संध्याकाळी केरबा आले तर म्हणते कशी —

"अवं, आता आठवी खोली बघायची. पण ती शेवटची. माझ्या माहेरचा माळावरचा तुकडा हाय न्हवं? तिथं घर बांधायचं."

आजऱ्याच्या वाटेवर कोळमवाडी म्हणून गाव, तिथलं हिचं माहेर. बापानं जाताना माळावरचा एक तुकडा लेकीच्या नावावर केलेला. भावांनी भांडण केलं का? अजिबात नाही! भाऊ महादू हसत म्हणाला होता, "घे बाई, तिथं कुसळाशिवाय काय उगवत न्हाई!"

बरं, घर बांधायचं, तर गवंडी पाहिजे. एक गवंडी आला, माळ चढून वर गेला, धापा टाकल्या, चहा प्याला, "येतो" म्हणाला. मंडळी, तो अजून यायचाय! दुसरा आला. म्हणाला, "इथवर चिरं चढवायचं म्हणजे तुमचं घर हुस्तवर माझं कंबरडं जाईल." तोही गेला. केरबा म्हणाले, "हौसा, ऱ्हाऊदे. आपल्याच्यानं हुणार न्हाई." तेव्हा त्या माऊलीनं जे विचारलं ते ऐका!

"गवंडी काय आईच्या पोटातनं शिकून येतोय?"

केरबा हरले! मिशीवरून हात फिरवला आणि पायात चपला घातल्या. घराघरांत असंच असतं, हसू नका!

कोळमवाडीतच तातोबा मिस्त्री म्हणून म्हातारा होता. ऐंशी ओलांडलेली. अर्ध्या पंचक्रोशीच्या भिंती त्याच्या हातच्या. पण आता नजर गेलेली, दिवसभर कट्ट्यावर बसून असायचा. ही दोघं त्याच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, "तात्या, शिकवा." म्हातारा हसला. म्हणाला, "डोळं गेल्यावर आलासा व्हय रं?" पण शिकवलं! कट्ट्यावर चार चिरे मांडून शिकवलं. जांभ्याचा चिरा हातात कसा घ्यायचा, त्याचं तोंड कुठलं, खालच्या दोन चिऱ्यांचा सांधा वरच्या चिऱ्यानं कसा झाकायचा, दोरीला वजन बांधून ओळंबा कसा सोडायचा. आणि सगळ्यात आधी काय सांगितलं? "खडकाला भिडूस्तवर खणायचं. वरचं काम थोडं चुकलं तर सुधारता येतंय. खाली चुकलासा तर मी काय, ब्रह्मदेव आला तरी न्हाई सुधारणार."

आणि लागली की हो दोघं कामाला! शनिवारी दुपारी शाळा सुटायची, हौसाबाई भाताची पातेली घासून पालथी घालायची, की दारात केरबांची फटफटी हजर. मागं हौसाबाई, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं, पाठीला बांधलेली पहार! रस्त्यानं लोक बघायचे. कुणी विचारायचं, "केरबा, कुठं लढाईला?" मुक्काम माळावरच, ताडपत्रीखाली. रविवार उजाडला की खणायचं. सोमवारी परत यंत्र आणि परत पातेली.

ऐन वयात सुट्टीच्या दिवशी आपण काय करतो? दहाला उठतो! आणि उठून म्हणतो, "दमलो बाई!"

आता नीट ऐका, गोष्टीचं मर्म इथं आहे. माळाला उतार होता. वरच्या अंगाला गुडघाभर खणलं की खडक लागला. तीन कोपरे झाले. चौथा कोपरा उताराकडचा. तिथं गुडघाभर खणलं, खडक नाही. मांडीएवढं खणलं, नाही. कंबरेएवढा खड्डा झाला, तरी नुसती भुसभुशीत माती! तीन रविवार त्या एका कोपऱ्यात गेले. खाली वाटेनं जाणारी माणसं वर बघून हसायची. "काय केरबा, हीर काढालाईस काय?" आणि मंडळी, केरबांना ते लागलं. माणसाला खणताना कुणी शाबासकी देत नाही हो. भिंत दिसते, पाया दिसत नाही!

केरबा म्हणाले, "बास झालं. दगडगोटं ठासून भरूया आणि भिंत घेऊया वर."

हौसाबाई खड्ड्यात उभी होती. म्हणाली, "तात्या म्हणालं हुतं खडकाला भिडूस्तवर."

"तात्याला दिसतंय काय? मी बघालोय न्हवं! बास म्हणतोय तर बास."

तिनं पाटी वर ठेवली. खड्ड्यातून वर आली. गोटे ठासले, वर चिरा बसला. आणि मग काय विचारता! भिंत चढायला लागली. गुडघाभर, कंबरभर, छातीभर! आता वाटेनं जाणारी माणसं थांबायला लागली. "वा! केरबा, हात बसला की रं!" केरबांची मिशी दर रविवारी बोटभर वर! पाडव्यापर्यंत चारी बाजूंनी छातीएवढ्या भिंती उभ्या. दाराची जागा, खिडकीची जागा. हौसाबाई खिडकीच्या जागी कोपर टेकून उभी राहायची आणि नुसती समोरचा डोंगर बघायची. तोच डोंगर लहानपणापासून बघितलेला. पण आपल्या खिडकीतून बघायचं वेगळंच असतं ना?

वैशाखात एका मंगळवारी वळवानं झोडपलं. दोन तास असा कोसळला, की माळावरून नुसते लोंढे. बुधवारी सकाळी महादूचा फोन. "दाजी... येऊन बघा. सांगवत न्हाई."

शनिवारपर्यंत वाट बघायला लागली. कामं होती ना दोघांना! ते तीन दिवस कसे गेले असतील? गेले तर काय दिसलं? उताराकडचा तो कोपरा बसलेला, आणि त्याला जोडलेल्या दोन्ही भिंती आडव्या. वर्षभराचे रविवार चिखलात लोळत पडलेले. उरलेल्या दोन भिंतींतल्या एकीला वरपासून खालपर्यंत चीर.

केरबा खाली बसले. गाडीची चावी हातातच.

आणि मग माणसं जमली. आपली माणसं मनानं चांगली असतात हो, पण धीर द्यायला लागली की जपून राहावं! एक म्हणाला, "देवाच्या मनात नव्हतं." दुसरा म्हणाला, "मुहूर्त चुकला असंल." महादू म्हणाला, "दाजी, मला तर ही जागाच बाधिक वाटतीय. भगताला इचारूया. कोंबडं देऊया, न्हाईतर सोडून देऊया."

आणि मंडळी, केरबांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर काय आलं असेल? सुटका! जागा बाधिक! म्हणजे आपलं काही चुकलं नाही! ते चटकन उठले, म्हणाले, "व्हय महादू, मलाबी पयल्यापासनं तसंच वाटत हुतं. जागाच वाईट. सोडूया."

पयल्यापासनं! अहो, आत्ता दोन मिनिटांपूर्वीपासून! पण बुडणाऱ्याला कडबा मिळाला तरी तो नाव समजून धरतो.

हौसाबाई कुठं होती? ती चिखलात उतरली होती. एकेक चिरा उचलून बघत होती. फुटका एकीकडं, धड दुसरीकडं. केरबांनी हाक मारली, "अगं, काय करालीस?"

"धड हाईत ते येगळं काढते."

"कशाला आता?"

"घराला," ती म्हणाली. आणि पुढचा चिरा उचलला.

बापू, तबल्यावर एक थाप द्या हो त्या बाईसाठी! रडली नाही असं नाही. चिखल आणि पाणी दोन्ही तोंडावरून ओघळत होतं. पण हात थांबला नाही. नवऱ्याला टाकून बोलली का? "मी सांगत हुते न्हवं!" — म्हणाली का? या चार शब्दांवर किती संसार मोडलेत, तुम्हाला माहीत आहे! तिनं नाही म्हटलं. नुसतं एवढंच म्हणाली, "भगताला इचारायच्या आधी तात्याला इचारूया."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तातोबा मिस्त्रीला फटफटीवर मध्ये बसवून वर आणला. पुढं केरबा, मागून हौसाबाईनं धरलेलं. सगळं गाव गोळा झालं. महादू होता, ते हसणारे होते, शाबासकी देणारेही होते. म्हातारा गाडीवरून उतरला. काठीनं चाचपत पडलेल्या कोपऱ्यापाशी आला, ओल्या जमिनीवर मांडी घालून बसला, आणि हात आत घातला. गोटे चाचपले. माती चिमटीत घेतली, चोळली. म्हणाला, "पहार द्या." पहार खाली सोडली. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली!

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग सरळ विचारलं, "इथं कोण थांबलं?"

सगळं गाव बघतंय. केरबांनी खाली घातलेली मान वर येईना.

आणि हौसाबाई बोलली. "आमी थांबलो, तात्या."

आमी! मंडळी, तो शब्द तोलून बघा. "ह्यांनी थांबवलं" म्हणायचा तिला पुरा हक्क होता, आणि ते खरंही होतं. पण ती म्हणाली, "आमी."

आणि त्या एका शब्दानं केरबांचं काळीज हललं हो! बाधिक जागेनं हललं नाही, मुहूर्तानं हललं नाही, या शब्दानं हललं. ते पुढं आले. गावादेखत म्हणाले, "आमी न्हवं, तात्या. मी थांबलो. ही खणूया म्हणत हुती. माणसं हसालती, म्हणून मी थांबलो. जागा वाईट न्हाई. मी उथळ खणलो."

कुणी हसलं का? एकही नाही! जी माणसं विहीर काढतोस काय म्हणून हसली होती, ती आता खाली बघायला लागली. तातोबानं हात पुढं केला, केरबांचा दंड चाचपून धरला. म्हणाला, "मग आता सोपं हाय. चुकी कुठं हाय ते गावलं. पण चीर गेलेली ती भिंतबी उतरवायची. तिच्यावर वर चढवलंस तर परत रडशील."

सोपं हाय म्हणे! आपणच बांधलेली भिंत आपल्याच हातानं उतरवायची! पडलेलं बघवतं हो, उभं आहे ते पाडवत नाही. केरबांनी त्याच दुपारी पहिला चिरा काढला. संध्याकाळपर्यंत भिंत उतरली. जाताना महादूनं विचारलं, "दाजी, मग भगताचं?" केरबा म्हणाले, "त्याला म्हणावं, खोरं घिऊन ये!"

पावसाळ्यात काम बंद. पण दसरा झाला, की परत शनिवारी फटफटी दारात! या वेळी आधी कोपरा. कंबरेएवढा जुना खड्डा मोकळा केला. छातीएवढा खणला. हौसाबाई वर पाटी ओढायची, केरबा खाली. तिचा गुडघा सुजला, त्यांच्या हाताची सालपटं निघाली. एकदा दोघांचं असं कडाक्याचं भांडण झालं, की दोघं अख्खा रविवार एकमेकांशी बोलली नाहीत. पण पाटी खाली जात होती आणि वर येत होती! अबोला तोंडाचा, हाताचा नव्हे!

मार्गशीर्षातल्या एका रविवारी केरबा दिसेनासे झाले एवढा खोल खड्डा. वरून फक्त पहार दिसायची. आणि दुपारी खालून आवाज आला — टण्ण!

हौसाबाईनं वाकून विचारलं, "काय वं?"

परत टण्ण! टण्ण! मग खालून ते मिशाळ गृहस्थ लहान मुलासारखे ओरडले, "हौसा! भिडलो गं!"

ती त्या मातीच्या ढिगावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसली की रडली, ते तिलाच ठाऊक.

मग पुढं आणखी दोन वर्षं. भराभर झालं असं समजू नका! एकदा तातोबा आला, भिंतीवरून तळवा फिरवत चालला, मध्येच थांबला, म्हणाला, "ह्यो एक चिरा बाहीर आलाय. काढ." डोळसांना दिसला नाही, आंधळ्याला दिसला! काढला. वासे चढले, आढं बसलं, कौलं आली. तिसऱ्या वर्षी माघात दोघं राहायला गेली. दोन खोल्या, पुढं ओटा. शहरातल्या माणसानं बघितलं तर म्हणेल, एवढ्याशा घराला एवढी वर्षं? म्हणू दे!

पण गोष्ट इथं संपली नाही. घर झाल्यावर पहिला रविवार आला. काम नाही! केरबा ओट्यावर बसले, उठले, परत बसले. हौसाबाई चुलीपाशी गेली, बाहेर आली. हाताला चैनच नाही! इतक्यात खालच्या आळीतली रखमाक्का वाटेनं वर आली. एकटी बाई, गोठ्याची भिंत कलली होती. ती सांगायला लागली, "केरबा, माझं नशीबच खोटं बघ. देवच पाठीमागं लागलाय..."

केरबांनी तिला पुढं बोलू दिलं नाही. कोपऱ्यातली पहार उचलली. हौसाबाईनं पाटी घेतली. म्हणाले, "अक्का, देवाला मागनं बघूया. आधी पाया बघूया, चल."

गेली ती दोघं उतारानं खाली. आणि मंडळी, तेव्हापासून त्यांचा रविवार असाच जातो. कुणाचा गोठा, कुणाचं न्हाणीघर, शाळेच्या आवाराची भिंत. बोलावलं की दोघं जातात, आणि सगळ्यात आधी खणून बघतात.

त्या घराच्या ओट्यावर मी जेवलोय. भात, कुळथाची आमटी आणि ही सगळी हकिकत, दोघांच्या तोंडून. केरबा स्वतःची चूक सांगताना एक शब्द गाळत नव्हते. आणि ऐकता ऐकता माझा घास हातातच राहिला. का? सांगू? नऊ वर्षं माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा बोलण्याचा संबंध नव्हता. मी लोकांना काय सांगायचो? "योग नाही." कीर्तनकार मी, मला शब्दांची काय कमी! योग नाही, ऋणानुबंध संपला, ईश्वरेच्छा! आणि खरं काय होतं? आईच्या आजारपणात तो एकटा झिजत होता आणि मी तिकडं गावोगाव कीर्तनं करत होतो. तिथं मी उथळ खणलं होतं. त्या ओट्यावरून उठलो, माळावर जरा बाजूला गेलो आणि त्याला फोन लावला. मी "कसा आहेस" वगैरे काही म्हटलं नाही. "माझं चुकलं" म्हणालो. तो म्हणाला, "दादा, जेवलास का?"

तर आता तुमच्याकडं वळतो. इकडं तिकडं बघू नका, शेजाऱ्याबद्दल बोलत नाही मी, तुमच्याचबद्दल बोलतोय! तुम्हाला तुमचा तो कोपरा ठाऊक आहे. मला सांगू नका. भगताला विचारू नका. जिथं लोक हसले म्हणून, कंटाळा आला म्हणून, दिसत नाही म्हणून खणायचं थांबवलंत, ती जागा तुम्हाला चांगली ठाऊक आहे. आणि जवळच्या माणसाचं चुकलं असेल, तर एक वेळ "तुझं" म्हणायच्या ऐवजी "आपलं" म्हणून बघा. पुढचं तो स्वतः बोलेल.

देवानं ज्याला जे द्यायचं ते द्यावं. मी या गाभाऱ्यातल्या रवळनाथापाशी तुमच्यासाठी एकच मागतो, खडक लागेपर्यंत हातातली पहार सुटू नये! उठा आता सावकाश, पायाला मुंग्या आल्या असतील. सगळ्यांनी मिळून चांगभलं म्हणूया आणि मग घरी जाऊया. आणि ज्याला जिथं जायला उशीर झालाय, त्यानं आज घरी जाताना तिकडून जावं.